व्याकरणाचे जू

दिवाळीची सुटी लागली की आमच्या घरात दोन वास एकदमच दरवळू लागतात: एक चकलीच्या तळणाचा आणि दुसरा कोऱ्या वहीचा. नात सातवीत आहे. फराळाच्या डब्यांवर तिचा हक्क आणि तिच्या सुटीच्या अभ्यासावर माझा, अशी आमच्या घरची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे. यंदाही वसुबारसेच्या दिवशी तिने वही माझ्यापुढे आणून ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, एवढं पाठ म्हणवून घ्या, मग मी मोकळी."

वहीत एक लांबलचक यादी होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. मग अव्ययांचे चार प्रकार. मग विभक्ती, समास, प्रयोग, वृत्ते, अलंकार. एकेका शब्दापुढे एकेक व्याख्या. पोर भराभर म्हणत गेली आणि 'उभयान्वयी' या शब्दापाशी येऊन अडखळली. "हा शब्द जिभेला टोचतो हो, आजोबा," ती म्हणाली. तिला पुढे काय सांगावे ते मला सुचेना. कारण तो शब्द मलाही टोचतो. जिभेला नव्हे, जरा आत.

ती गोष्ट १९६५ सालची. मी बावीस वर्षांचा होतो आणि देशावरच्या एका खेड्यातल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळा तपासायला साहेब यायचे होते. मुलांकडून व्याख्या घोकून घेण्याचा सपाटा मी लावला होता. अंगात नवे रक्त आणि हातात वेताची छडी. दोन्हींचा मला त्या काळी अभिमान वाटे. शेवटच्या रांगेत एक शेतकऱ्याचा मुलगा बसत असे. थोडी कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी, एवढे त्याचे घर. मी त्याला उठवले आणि विचारले, "उभयान्वयी अव्यय म्हणजे काय?" तो गप्प. मी आवाज चढवला, "व्याख्या राहू दे. 'आणि' हा शब्द काय करतो, ते तरी सांग!"

तो क्षणभर खाली पाहत राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, 'आणि' म्हंजी जू. दोन बैलं एका जागी जुपतं."

वर्ग खो खो हसला. मला वाटले, पोरगा माझी थट्टा करतो आहे. मी त्याच्या हातावर दोन छड्या ओढल्या आणि व्याख्या दहा वेळा लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. नांगरटीचे दिवस होते. त्या दिवसांत तशीही पुष्कळ मुले शाळेत येत नसत. तो कामामुळे आला नाही की छडीमुळे, हे विचारायला मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला हवे होते.

पुढे पुष्कळ वर्षे मी मराठी शिकवली आणि हळूहळू मला एक छंद जडला: पारिभाषिक शब्दांची कुळे शोधण्याचा. मुलांना आपण ज्या संज्ञा घोकायला लावतो त्या आल्या कोठून? कोणी केल्या? त्या छंदातून मला जे सापडले ते आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावे म्हणतो.

प्रथम 'व्याकरण' हाच शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ वेगवेगळे करणे, उलगडणे. युरोपातल्या भाषांत 'ग्रामर' हा शब्द आला तो ग्रीकांच्या 'ग्राम्मा'वरून, म्हणजे लिहिलेल्या अक्षरावरून. त्यांनी शास्त्राला नाव दिले अक्षरावरून. आपण दिले उलगडण्यावरून. आपल्याकडे वेदमंत्र शतकानुशतके पाठांतराने जपले गेले. भाषेचा विचार प्रथम कानांनी झाला आणि डोळ्यांनी नंतर.

यास्काने निरुक्तात शब्दांच्या चार जाती सांगितल्या: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. सिंधूजवळच्या शलातुर गावचा पाणिनी त्याहून काटकसरी. सुमारे चार हजार सूत्रांत त्याने संस्कृत भाषेचा संसार मांडला आणि पदांच्या जाती दोनच ठेवल्या: सुबन्त आणि तिङन्त. 'सर्वनाम' हे नाव त्याच्याकडे आहे. पण आपल्या पुस्तकांत असते तसे 'सर्वांचे नाम' म्हणून नव्हे. 'सर्व' या शब्दापासून सुरू होणारी एक यादी होती. त्या यादीतले शब्द ती सर्वनामे, एवढा सरळ त्याचा हिशेब.

आता कोणाही शाळकरी मुलाला विचारा, शब्दांच्या जाती किती? तो म्हणेल, आठ. यास्काच्या चार, पाणिनीच्या दोन. मग या आठ आल्या कुठून? येथेच खरी मौज आहे.

मराठीच्या व्याकरणाचा विचार तसा जुना. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'चे नाव या बाबतीत आरंभी घेतले जाते. पुढे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूर येथे छापले गेले. 'क्रिस्तपुराण' लिहिणारा स्टीफन्स तो हाच. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर येथून विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. पण ही दोन्ही व्याकरणे परक्यांना आपली भाषा शिकवण्यासाठी होती. मराठी माणसाला मराठीतूनच मराठीचे नियम सांगावेत, हे काम अंगावर घेतले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी.

दादोबांचा जन्म १८१४ चा, मुंबईतला. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले १८३६ साली. म्हणजे वय बावीस! ज्या वयात मी छडी उगारली, त्या वयात या माणसाने एका भाषेचे व्याकरण लिहिले. लोक पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पण दादोबांपुढे एकटा पाणिनी नव्हता. लिंडले मरे हाही होता. हा मूळचा अमेरिकेतला वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ जाऊन राहिला आणि १७९५ साली त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते पुस्तक इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांत पिढ्यान् पिढ्या चालले आणि मुंबईच्या नव्या शाळांपर्यंतही येऊन पोचले. त्याच्या धर्तीवर दादोबांनी आपल्या ग्रंथाची मांडणी केली आणि त्या मांडणीतल्या घरांना नावे दिली ती संस्कृताच्या भांडारातली.

मरेने शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यांतली एक जात म्हणजे इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदे. मराठीत तशी उपपदे नाहीत. ती जात गळाली आणि आपल्या शाळांच्या वाट्याला आठ राहिल्या. गंमत पाहा; असाच प्रकार पूर्वी एकदा घडून गेला होता. प्राचीन ग्रीक व्याकरणकारांनी आठ जाती मानल्या होत्या. ते व्याकरण रोमन लोकांनी आपल्या लॅटिनला लावले. तेव्हा लॅटिनमध्येही उपपद नव्हते. आता आठाचा आकडा तर मोडायचा नाही. म्हणून त्यांनी उद्गारवाचक शब्दांची एक स्वतंत्र जात करून जागा भरून काढली. आपले 'केवलप्रयोगी अव्यय', म्हणजे 'अरेरे', 'शाबास', 'अबब' ही मंडळी, शब्दांच्या पंक्तीला येऊन बसली ती त्या रिकाम्या पाटावर! अथेन्स, रोम, लंडन असा प्रवास करून तो पाट मुंबईला आला आणि त्यावर आपण संस्कृत नावाचे वस्त्र अंथरले.

पण हे काम नुसत्या नकलेचे नव्हते. इंग्रजीत 'प्रेपोझिशन' म्हणजे आधी ठेवलेला शब्द. मराठीत तो शब्द आधी येतच नाही. 'झाडाखाली', 'घरापुढे' असा नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतो. मूळ नावाचे भाषांतर केले असते तर ते खोटे ठरले असते. म्हणून मराठीत नाव रुजले ते 'शब्दयोगी'. शब्दाशी योग पावणारे. पुढे की मागे, हा वादच नको. अशा एकेका नावामागे कोणीतरी रात्री जागवल्या आहेत.

विरामचिन्हांची कथाही अशीच. जुन्या मोडी कागदांत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसे. वाक्य कोठे संपले ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. मराठी शालेय पुस्तकांत स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम यांची शिस्त आणण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी याला दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाला ज्याचा हातभार लागला तो हा कँडी. आज पूर्णविरामावाचून आपले पान हलत नाही. पण हा पाहुणा आपल्या घरी येऊन अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

दादोबांच्या मांडणीवर पुढे वादही झाले आणि ते होणे आवश्यकच होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून तिची कसून तपासणी केली. १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा थोरला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आधीच्या सर्वांचे हिशेब तपासले. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावाने मराठी कवितेचे जुने बंध सैल केले. दुसऱ्याने मराठी भाषेचे बंध मोजून पाहिले. एकाच घरात दोन्ही कामे झाली. तेव्हा कविता आणि व्याकरण यांचे वैर आहे असे निदान त्या घराकडे पाहून तरी कोणी म्हणू नये.

वाद कशावर होत? एक उदाहरण पुरे. आपण सारे 'स, ला, ते' म्हणत मोठे झालो. द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते' आणि चतुर्थीचेही 'स, ला, ते'. "मी आईला पाहिले" आणि "मी आईला साडी दिली"; दोन्हींकडे 'आईला'च. मग एक द्वितीया आणि दुसरी चतुर्थी का? हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी एखादा चौकस मुलगा विचारी आणि सुरुवातीची काही वर्षे मी त्याला "पुस्तकात तसे आहे" असे सांगून खाली बसवी. खरे उत्तर असे की संस्कृतात या दोन विभक्तींची रूपे बहुधा निराळी होती. मराठीत येता येता ती एक झाली. पण जुन्या घराचा नकाशा तसाच राहिला. भिंत पडली, खोल्यांची नावे उरली. मुलाची शंका बरोबर होती. चुकत होतो तो मी.

भावे प्रयोगाची तर मला फार गंमत वाटते. कर्तरीत क्रियापद कर्त्याचे ऐकते, कर्मणीत कर्माचे. "आईने मुलांना उठवले" यात मात्र ते आईचेही ऐकत नाही आणि मुलांचेही नाही. आपले नपुंसकलिंगी एकवचन धरून स्वस्थ बसते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला उठवताना घराघरांत जे घडते त्याचे याहून चोख वर्णन कोणते?

आणि समासांची नावे! मुले ती औषधासारखी गिळतात. पण ही नावे म्हणजेच उदाहरणे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. 'तत्पुरुष' म्हणजे त्याचा माणूस. हा शब्द स्वतःच तत्पुरुष समास आहे. 'द्विगु' म्हणजे दोन गाई मोजून घेतलेला. हा स्वतः द्विगू. 'व्रीहि' म्हणजे भात. 'बहुव्रीहि' म्हणजे ज्याच्या घरी भात पुष्कळ असा, सुखवस्तू माणूस. आणि हा शब्द स्वतः बहुव्रीही. जुन्या वैयाकरणांना व्याख्या पाठ करून घ्यायची नव्हती. त्यांनी नावातच नमुना ठेवला होता. त्यासाठी त्यांनी काय निवडले पाहा: गाय, भात, माणूस. सारे घरातले आणि गोठ्यातले.

वृत्तांचेही तसेच. 'भुजंगप्रयात' म्हणजे सापाची चाल. संस्कृतातले 'भुजंगप्रयातं' हे नाव जरा सावकाश म्हणून पाहा: लघु, गुरू, गुरू, पुन्हा लघु, गुरू, गुरू. त्या वृत्ताची चाल हीच. नाव घेतले की लक्षण आलेच. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. ते म्हणत म्हणत ज्यांनी दिवेलागणीला हातपाय धुतले, त्यांना हे वृत्त येत होतेच; नाव तेवढे ठाऊक नव्हते. आठही गणांची लक्षणे एका शब्दात साठवणारे 'यमाताराजभानसलगं' हे सूत्रही असेच. त्यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे उचला. पहिल्या अक्षराने गणाचे नाव सांगितले आणि तिन्ही अक्षरांनी त्याचा लघुगुरुक्रम. 'यमाता' म्हणजे यगण, 'मातारा' म्हणजे मगण. पाठांतराला शहाणपणाची जोड कशी द्यावी, हे त्या अनाम गुरुजींकडून शिकावे.

अलंकार म्हणजे तर दागिनेच. भरताच्या नाट्यशास्त्रात ते चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे आलंकारिकांनी घडवत घडवत त्यांची पेटी भरून टाकली. त्या पहिल्या चारांत 'दीपक' आहे, हे दिवाळीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. तसा एकच शब्द जेथे अनेकांना उजळतो तो दीपक अलंकार. आणि ज्या वाङ्मयप्रकाराने दिवाळी अंक भरतात त्या 'कादंबरी'चे काय? ते मूळचे एका मुलीचे नाव! बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेची ती नायिका. मराठीने ते विशेषनाम उचलले आणि त्याचे सामान्यनाम करून टाकले.

आता पुन्हा त्या टोचणाऱ्या शब्दाकडे येतो. उभय म्हणजे दोन्ही. अन्वय म्हणजे संबंध. दोहोंचा संबंध लावणारे ते उभयान्वयी. ज्या इंग्रजी नावाच्या जागी ते बसले ते 'कन्जंक्शन'. त्याचे कूळ पाहू लागलो तेव्हा एका संध्याकाळी, ग्रंथालयात कोश उघडून बसलो असता, माझा हात पानावर थबकला. लॅटिनमध्ये 'युंगेरे' म्हणजे जोडणे. 'युगुम' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतात 'युज्' म्हणजे जोडणे. 'युग' म्हणजे जू. इंग्रजीतले 'योक' त्याच कुळातले. आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचे 'जू'? तेही त्याच 'युगा'तून झिजत झिजत आलेले. शब्दयोगीतला 'योग' तोच, आणि बैल 'जुपणे' याचे नातेही त्याच कुळाशी.

"गुरुजी, 'आणि' म्हंजी जू."

जे सांगायला मला अनेक वर्षे आणि चार कोश लागले, ते त्या मुलाने एका वाक्यात सांगितले होते. तो ना ग्रीस जाणत होता ना रोम. पण पहाटे उठून ते जू तो स्वतः बैलांच्या मानेवर ठेवत होता. संज्ञा ज्या मातीतून उगवली होती, त्याच मातीत उभा राहून त्याने उत्तर दिले होते आणि मी त्याला त्याबद्दल दोन छड्या मारल्या. त्याला व्याख्या येत नव्हती, हे खरे. पण व्याख्या येऊनही वस्तू न कळणारा त्या दिवशी वर्गात एकच जण होता आणि तो खुर्चीवर बसला होता.

म्हणून संज्ञा शिकवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. नाव ठाऊक असले की वस्तू हाती धरता येते, दुसऱ्याला दाखवता येते, तिच्यावर वाद घालता येतो. दादोबा, कृष्णशास्त्री, दामले यांना वाद घालता आला तो नावे होती म्हणून. पण नाव आधी आणि वस्तू मागून, असा उलटा क्रम लावला की ज्या जुवाने दोन बैल जोडायचे तेच जू पोराच्या मानेवर बसते. आधी वस्तू दाखवावी, पोराला त्याच्या शब्दांत ती सांगू द्यावी, मग म्हणावे, "शाबास! याला जाणती माणसे अमुक म्हणतात."

हा सगळा विचार मनात होऊन गेला तोवर नात वहीवर पेन्सिल आपटत माझ्याकडे पाहत होती. मी वही मिटली आणि विचारले, "व्याख्या राहू दे. 'आणि' हा शब्द काय करतो, ते तुझ्या शब्दांत सांग पाहू." साठ वर्षांपूर्वी विचारलेला तोच प्रश्न, आवाज मात्र या वेळी चढवला नाही.

तिने इकडेतिकडे पाहिले. दारात तिची आई तोरण लावत होती. झेंडूची दोन फुले एकात एक गुंफत होती.

"दोरा!" नात म्हणाली. "'आणि' म्हणजे तोरणातला दोरा. दोन फुलांच्या मधला. दिसत नाही फारसा; पण तुटला की सगळं खाली."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्याखाली 'उभयान्वयी' हा शब्द तिच्याकडूनच लिहून घेतला. मग तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली, छड्यांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. तो आज कोठे असेल, मला ठाऊक नाही. असला तर तोही सत्तरीत असेल, नातवंडांत बसला असेल. एखाद्या नातवाच्या हातात हा अंक असेल आणि तो आजोबांना मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर त्याने एवढा निरोप द्यावा: तुमचे उत्तर बरोबर होते. गुरुजी चुकले.